पिद्दूच्या बाईचं पान

नवरा म्हातारपणी बिघडला तर सांगायचं कोणाला? आमचा म्हातारा दारू पीत नाही, पत्त्याला हात लावत नाही, पूर्णा गावात त्याला केसरीनाथ शेठ म्हणून मान आहे. आणि या माणसानं ऐन पितरांच्या पंधरवड्यात, मी आळूचे देठ सोलत बसले असताना, सुनेच्या देखत मला सांगितलं, "औंदा अमावास्येला एक पान जास्त काढ."

मला वाटलं, कोणी भाऊबंद विसरला असेल. "कोनाचा?"

"पिद्दूच्या बाईचा."

निशाच्या हातातली पळी सिंकमध्ये पडली. सून माझी शहाणी, तोंड दाबून बाहेर गेली. मी गेले नाही. मी म्हटलं, "पुन्यांदा बोला."

तो पुन्हा बोलला. तेच.

आमच्याकडे सर्वपित्रीला गच्चीवर पानं मांडतात. माझ्या सासऱ्याचं, सासूचं, आणि धाकट्या दिराचं, दौलतभावजींचं. ज्याला जे आवडायचं ते त्याच्या पानावर. सासूला खीर, सासऱ्याला भोपळ्याचे वडे, भावजींच्या पानाला विडीचं बंडल टेकवून ठेवायचं. कावळा शिवला की मग घरातले जेवतात. हे सगळं मी सून म्हणून आले तेव्हापासून माझ्या हातचं आहे. त्यात ही टीव्हीतली बाई कुठून आली?

पिद्दू कोण ते सांगते. पिद्दू म्हणजे टीव्हीवरचं कार्टून. चिमूटभर पोरगं, केस उभे, अभ्यास नको, काम नको, दिवसभर खोड्या, आणि पकडला गेला की आजोबाच्या धोतरामागे लपायचं, "दादू, सुनो तो!" हिंदी बोलतो. माझी नात मृणाली लहान असताना बघायची, तेव्हा म्हातारा शेजारी बसायचा. मृणाली मोठी झाली, दापोड्याला गोदामाच्या ऑफिसात नोकरीला लागली, म्हातारा तिथेच बसून राहिला.

पुढे साखरेनं त्याचे डोळे खाल्ले. आता सावली तेवढी दिसते. बातम्या त्याला नको, म्हणतो भांडतात. निशाच्या मालिका नको, म्हणतो सगळ्या बायका एकाच गळ्यानं रडतात, मेली कोण आणि मारली कोणी काही कळत नाही. पिद्दू तेवढा कळतो. पिद्दूनं तिकडे "दादू, सुनो तो" म्हटलं की हा इकडे खुर्चीतून, "बोल रं." आमची सख्खी नातवंडं याला आजोबा म्हणतात, तेही स्कूटीची चावी सापडत नसली की.

एवढ्यावर राहिलं असतं तर माझी हरकत नव्हती. पण मृणालीनं एक दिवस सांगितलं, "आजोबा, पिद्दूचा आवाज एक बाई काढते. इंदुमती नाव तिचं."

"खोटा."

तिनं मोबाईलवर त्या बाईची मुलाखत लावली. बाई आधी चारचौघींसारखी बोलत होती, आणि बोलता बोलता एकदम पिद्दू. म्हाताऱ्यानं हात वर केला. "परत लाव. जिथं बदलते तिथंच." मृणालीनं लावलं. परत लाव. परत. मी भाकऱ्या थापून उठले तरी तो तिथेच होता, ओढ्यावरून उडी मारणाऱ्या पोरासारखा, इकडून तिकडे.

त्या दिवसापासून त्याला दुसरा विषय नाही. आमच्या गोदामाच्या गेटवरच्या वॉचमनला पकडून सांगितलं, "अरे भाई, वो औरत है! क्या औरत है!" वॉचमन बिचारा उत्तरेकडचा, नवा. त्यानं विचारलं, "कौन औरत, शेठ?" हा म्हणाला, "मेरी रोज की." संध्याकाळपर्यंत आमच्या तिन्ही गोदामांत बातमी, शेठनं बाई ठेवली. हमाल माझ्याकडे बघून मान खाली घालायला लागले. शेवटी मी गेटवर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "कार्टून की औरत है! शेठ को दिखता नहीं, औरत क्या रखेगा!" माझा आवाज कंटेनर रिव्हर्स घेत असला तरी त्याच्यावरून जातो. त्या आवाजाबद्दल मात्र या माणसानं जन्मात कधी बरा शब्द काढला नाही. जाऊ दे.

मी त्याला सरळ विचारलं होतं, "तुमचा जीव कोनावर हाय? पोरावर का बाईवर?"

"दोगं एकच."

"एकच कशी? पोरगा धा वर्सांचा, बाई साठीची."

"भाकरीतून तांदूल येगला काढून दाव, मंग सांगतो."

याच्यापुढे काय बोलणार? मी बोलले तरी, पण उपयोग झाला नाही.

तर ते असं चाललं होतं. श्रावणात एका दुपारी पिद्दू लागला. मी तांदूळ निवडत होते. पिद्दूनं आजोबाचा चष्मा माठात टाकला आणि "दादू, सुनो तो!" म्हणाला. म्हातारा बोलला नाही. मी मान वर करून बघितलं, झोपला की काय. जागा होता. चेहरा असा, जसं कोणी ओळखीचं म्हणून पाठीवर थाप मारावी आणि वळून बघावं तर भलताच.

"ही ती न्हाय," म्हणाला.

"कोन ती न्हाय?"

"बाई. बदलली."

मी टीव्हीकडे बघितलं. तोच पिद्दू, तेच केस, तोच माठ. निशाला बोलावलं, तिनं ऐकलं, म्हणाली सेम आहे. मनोज, माझा मुलगा, गोदामातून जेवायला आला, तो म्हणाला, "बाबा, टीव्हीचा स्पीकर गेला असंल." त्यानं नवा स्पीकर आणला, केबलचा डबा बदलला, केबलवाल्या दीपेशला वर चढवलं. दीपेश वायरी हलवून म्हणाला, "शेठ, आवाज तर क्लिअर आहे."

म्हातारा म्हणाला, "तू वायर बघ रं. मानूस मी बघतो."

त्यानंतर त्यानं टीव्ही लावू दिला नाही. पिद्दूची वेळ झाली की खुर्चीत येऊन बसायचा, बंद टीव्हीसमोर. जेवण निम्म्यावर. मी म्हटलं, बाई गावाला गेली असंल, लेकीचं बाळंतपण असंल. तो म्हणाला, "अशी कला हातात हाय, ती टाकून जिता मानूस जातो?" मग म्हणाला, "गेली ती. आनि त्यांनी गुपचूप दुसरी उभी केली. सांगितला पन न्हाय." याचाच त्याला जास्त राग. आमच्याकडे कोणाचा पाळीव कुत्रा मेला तरी नाक्यावर भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो. "मंग तिचा फ्लेक्स कुठं हाय?" मला विचारतो. जसा मी काढून ठेवलाय.

आणि त्यातून हे पान निघालं.

मी त्या दिवशी आळू बाजूला सारून त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "पान वाढायला नाव लागता, गोत लागता, तिथी लागते. तुमाला काय ठावं हाय?"

"तिथी ठावं नसली की सर्वपित्रीला करतात. तूच बोलतेस दरसाल."

ते खरं आहे. मीच बोलते.

"ती आपली कोन?"

"जिचा कोनी न्हाय तिचा पन करतात."

"तिचा कोनी न्हाय, हे तुमाला कोनी सांगितला? नवरा असंल, पोरा असतील, सुना असतील. ती करतील न्हायतर न करतील. आनि ती जिती असंल तर? जित्या मानसाच्या नावानं कावल्याला घास टाकायचा? तिच्या जिवाला काय झाला तर पाप कोनाच्या माथी? माझ्या! वाढनारी मी."

यावर तो काठी चाचपून उठायला लागला. मला वाटलं, जिंकले. उठता उठता म्हणतो, "पिद्दूला जिलबी लय आवडते. पानावर जिलबी ठेव."

"पिद्दूला का बाईला?"

त्यानं विचार केला. खरंच विचार केला. "बाईचा ठावं न्हाय," म्हणाला.

आता सांगा, मी काय करायचं? नाही वाढलं तर हा माणूस पितरांचं जेवण तोंडात घालणार नाही, साखरेचा माणूस उपाशी राहिला तर चक्कर येऊन पडतो. वाढलं आणि ती कुठे दादरला नाहीतर अंधेरीला चहा पीत बसलेली असली तर? मी नवसासायासाची बाई आहे, पण अशा भानगडीला कोणता देव आहे ते मला माहीत नाही. खारबावच्या माझ्या बहिणीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "धोंडू, भावजींना डॉक्टरकडं ने."

मी मृणालीला धरलं. "तुझ्याच मोबाईलनं ही बाई घरात आली. आता तूच शोध, मेली का जिती."

मृणाली म्हणाली, "आजी, मेल्याची न्यूज कुठेच नाही."

"मग जिती?"

"जितीची पण नाही."

तिनं बाईला मेसेज पाठवला. मी विचारलं, पानाचं लिहिलंस का? ती म्हणाली, "वेडी आहेस का? नमस्कार, आमच्या घरी तुमचं श्राद्ध आहे, कृपया कळवा?" मग हसत सुटली. मला हसू आलं नाही. उत्तरही आलं नाही.

मध्ये एक गोष्ट केली मी, कोणाला सांगितली नव्हती. मृणालीला म्हटलं, मला जुना पिद्दू लाव आणि नवा लाव. मला बघायचं होतं, या माणसाला एवढं काय ऐकू येतं. तिनं लावलं. मला दोन्ही सारखेच. तेवढ्यात म्हातारा काठी टेकत आला, त्याला आवाजावरून कळलंच. म्हणाला, "डोले मिट. डोले उघडे ठेवून तुला पोरगा दिसतो, म्हनून तुला तोच वाटतो." मी मिटले. मृणालीनं एक लावला, मग दुसरा. "सांग आता, तिचा कुठला?" मी ठामपणे सांगितलं, दुसरा. चुकलं. मृणालीनं मागेपुढे करून परत लावलं. पहिला म्हटलं. तेही चुकलं.

"दोगं सारखंच कोडगं," मी म्हटलं आणि उठले.

तो मागून म्हणाला, "हा नवा 'दादू' बोलतो तवा त्याच्याम्होरं कोनी नसतो. ती बोलायची तवा मी असायचो."

रागवायला हवं होतं मला. रागवलेही. पण स्वयंपाकघरात जाऊन मी डोळे मिटून उभी राहिले, आणि निशा फोनवर तिच्या आईशी बोलत होती ते ऐकलं. डोळे मिटले की निशा वेगळीच वाटते. थकलेली वाटते. उघडले तर चांगली गोलमटोल उभी. मी परत मिटले. निशानं विचारलं, "आई, चक्कर येते का?" मी म्हटलं, "कांद्यानं." कांदा कुठेच नव्हता.

सर्वपित्रीच्या दिवशी मी ठरवलंच नव्हतं. स्वयंपाक केला, वडे तळले, खीर उतरवली, मनोजला जिलबी आणायला पाठवलं. जिलबी आणली म्हणजे पान वाढणारच असं नाही, मी स्वतःलाच सांगत होते. गच्चीवर तीन पानं मांडली. जिलबीचा पुडा कठड्यावर ठेवला आणि चौथं पान घडी करून पदराखाली धरून उभी राहिले, चोरून आणल्यासारखं. म्हातारा प्लास्टिकच्या खुर्चीत टोपी घालून बसला होता, अंगावर इस्त्रीचा सदरा. दौलतभावजींच्या वेळीसुद्धा त्यानं इस्त्रीचा सदरा घातला नव्हता. पाण्याच्या टाकीवर एकच कावळा. गोदामांनी झाडं गेली तेव्हापासून कावळे मोजकेच येतात, आणि जे येतात ते गावभर फिरून पोट भरून येतात.

"वाढलास?" त्यानं विचारलं.

"वाढते."

"किती हायत?"

 त्याला दिसत नाही म्हणून खोटं बोलता आलं असतं. चार, असं म्हटलं असतं तर विषय संपत होता. जीभ वळली नाही.

इतक्यात जिन्यावरून मृणाली धावत. "आजी, थांब! वाढू नकोस! आली, आली!"

"कोन आली?" मी घाबरून जिन्याकडेच बघितलं.

"रिप्लाय आला. व्हॉइस पाठवलाय तिनं. आजोबांसाठी."

म्हातारा उभा राहिला. आधाराशिवाय. मृणालीनं मोबाईल त्याच्यापुढे धरला आणि लावला.

बाईचा जाडसर, खरखरीत आवाज. मराठीच बोलली. "नमस्कार केसरीनाथकाका. मी इंदुमती. तुमच्या नातीनं लिहिलेलं मी दोनदा वाचलं. मी ठीक आहे हो, काळजी करू नका. माझ्या घशाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर वरचा आवाज लागत नाही, पिद्दू होत नाही आता माझ्याकडून. दुसरी मुलगी करते, गुणी आहे, तिला ऐकत जा." मग ती थांबली. मला वाटलं संपलं. "आवाज बदलला तर कोणाला कळलंसुद्धा नाही. मी रोज वाट बघायची, कोणीतरी विचारेल. तुम्हीच विचारलंत. बरं वाटलं." आणि खोकली, आणि बंद झालं.

मृणालीचे डोळे भरले होते. माझा जीव भांड्यात पडला. जिती होती! मी पदराखालचं पान आणखी घट्ट धरलं, कावळ्यानं बघू नये म्हणून.

म्हातारा तसाच उभा. मग म्हणाला, "ही कोन बाई?"

"आजोबा, तीच. इंदुमती मॅडम."

"न्हाय. हिला सांग, एकदा 'दादू' बोल."

"आजोबा, ती म्हणाली ना, होत नाही तिच्याकडून."

"मंग ही ती कशी?"

मृणालीनं मोबाईल खाली केला.  तो खाली बसला, चाचपडत, खुर्ची कुठे आहे ते हातानं बघून.  मग टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "बाई जिती हाय, बरा झाला. देव तिला बरा करो," म्हणाला. "पन तो गेला. पान वाढ."

माझं डोकं फिरायची वेळ आली. बाई जिती, आत्ता बोलली, खोकलीसुद्धा. पोरगा टीव्हीत दुपारी पुन्हा माठ फोडणार. मग मेलं कोण? मेलं तर काहीतरी होतं, ते मलाही दिसत होतं, या माणसाच्या तोंडावर. पण ज्याला देह नाही, आईबाप नाहीत, त्याच्या नावानं पाणी कसं सोडायचं? आणि नाही सोडलं तर हे याच्या गळ्यातलं उतरणार कसं? खालून निशा ओरडत होती, वडे गार झाले. टाकीवरचा कावळा एकदा माझ्याकडे, एकदा जिलबीच्या पुड्याकडे. पंधरवडाभर मी एकच धरून बसले होते, ती मेली का जिती. ते कळलं आणि माझ्या हाती काहीच लागलं नाही.

मृणाली हळूच म्हणाली, "आजी, तिला काय रिप्लाय देऊ? ऑनलाइन आहे ती. वाट बघतेय."

वाट बघतेय. ते मला लागलं. तिकडे कुठेतरी एक बाई, घसा कापलेली, फोन हातात धरून बसलेली. आणि इकडे माझा नवरा तिलाच विचारतोय, ही कोण.

मी कठड्यावरचा जिलबीचा पुडा उचलून मृणालीच्या हातात दिला. पदराखालचं पान कमरेला खोचलं, आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. आवाज मुद्दाम वर चढवला नाही.

"आता माझा आयका. ती बाई इतकी वर्सं दुसऱ्याच्या तोंडानं तुमच्याशी बोलली, तवा तुमी बोल रं, बोल रं करत होतात. आज पयल्यांदा आपल्या तोंडानं बोलली, तर तुमी इचारता, ही कोन. वर्सभर माझ्याशी अबोला धरलात तरी चालंल, पन हे मी चालू देनार न्हाय. जित्या बाईचा पान मी कावल्याला घालनार न्हाय, आनि जो जल्मालाच आला न्हाय त्याचा तर न्हायच न्हाय. तुमाला रडायचा हाय ना? रडा, मी कोनाला सांगनार न्हाय. पन आधी तो फोन घ्या आनि तिचा बोलना पुन्यांदा आयका, डोले मिटून आयका, तुमाला जमता ते. मंग तिला सांगा, बाई, मी तुमाला वलखला. खोटा नका बोलू, खरोखर वलख पटली की मंगच सांगा. आनि मंग खाली जेवायला या."